सॅलड, कस्टर्ड आणि शेपट्यांचे दोन जोड

वर्गीकरण हा सगळ्या ज्ञानाचा पाया आहे. जगात जे जे जिवंत आहे त्याला त्याचा गट आणि त्याचं नेमकं नाव मिळाल्याखेरीज सत्य हाती लागत नाही, आणि हे काम करणाऱ्या माणसाच्या अंगी संयम, निःपक्षपातीपणा आणि कमालीची स्वच्छता असावी लागते. सीरमकाका हे प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. ऐकवताना त्यांच्या पायांत बऱ्याचदा दोन वेगवेगळे मोजे असत.

सीरमकाका हे नाव अर्थातच त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर, बोळकंडीच्या टोकाला, एका टेबलाशी एकोणतीस वर्षं सीरमच्या इवल्या बाटल्या घेऊन बसल्यावर ते आपोआप चिकटलं होतं. काम एकच: साल्मोनेला ओळखणं. हा पोटात गडबड करणारा जंतू, एवढंच बाहेरच्या जगाला ठाऊक असतं. काकांच्या टेबलावर मात्र त्याचे अडीच हजारांहून जास्त सीरोवर, म्हणजे उपप्रकार होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एका आईची लेकरं असावीत इतके सारखे. त्यांना ओळखायचं ते खुणांवरून. एक खूण अंगावरच्या सालीवर, दुसरी शेपट्यांवर. शेपट्यांच्या बाबतीत ही जात मोठी नखरेल. बहुतेकांकडे दोन जोड असतात, एक रोजचा आणि एक ठेवणीतला, आणि एका वेळी एकच बाहेर काढतात. ठेवणीतला जोड बघायचा तर जंतूला आधी अडवावं लागतं, पिडावं लागतं, आणि चार दिवस वाट बघावी लागते.

बाकी पद्धत सोपी. काचेच्या पट्टीवर जंतूंचा थेंब, त्यात सीरमचा, म्हणजे ठराविक खूण ओळखणाऱ्या द्रवाचा, थेंब, पट्टी हलक्या हाताने डोलवायची आणि दिव्याखाली काळ्या कागदावर धरायची. थेंब गढूळच राहिला तर ओळख नाही. नासलेल्या दुधासारखा दाणेदार झाला तर ओळख पटली. काकांनी अशा लाखभर पट्ट्या डोलवल्या असतील. त्यामुळे लग्नकार्यात कोणी हातात सरबताचा ग्लास दिला तरी ते तो आधी डोलवून उजेडात धरत.

तर झालं असं की, काकांचे थोरले भाऊ नव्या घरात राहायला गेले. दादा मितभाषी. त्यांच्या वाटचं बोलणं वहिनी बोलत, आणि वहिनी बावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. नव्या घरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त फ्रिज नव्हता. आलेला फ्रिज भिंतीच्या रंगाशी भांडतो म्हणून वहिनींनी तो परत पाठवला होता, आणि रविवारी चौदा माणसं जेवायला बोलावून ठेवली होती. वहिनींचं अंडी घातलेलं कस्टर्ड आणि काकूंचं, म्हणजे काकांच्या बायकोचं, बटाटा-अंड्यांचं सॅलड पाच तास थंड कुठे ठेवायचं, यावर दोन दिवस फोन चालले. शेवटी काकांनी कामावरचं एक जुनं बर्फाचं खोकं आणलं. तीनदा साबणाने धुतलं. ते दिसायला बरं नव्हतं म्हणून काकूंनी वरून फुलाफुलांचा टेबलक्लॉथ घातला. दोन्ही भांडी आत शेजारी शेजारी बसली, भोवती बर्फ, वर सैल झाकण्या. सगळ्यांनी काकांची तारीफ केली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या जंतूंच्या नोकरीचा आज पहिल्यांदा घराला उपयोग झाला."

मंगळवारपर्यंत चौदातले नऊ जण आडवे झाले होते.

वाईट कोणाचं काही झालं नाही. ताप, पोटदुखी, आणि न्हाणीघराशी वाढलेली जवळीक, एवढ्यावर निभावलं. स्वतः काका ठणठणीत होते, कारण एकोणतीस वर्षांच्या अनुभवानंतर ते अंडी घातलेलं काहीही थंड खात नसत. बुधवारी वहिनी उठून बसल्या आणि त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश टाकला: "सर्वांना आराम पडला असेल अशी आशा. अंड्यांचा पदार्थ बाहेरून करून आणताना काळजी घेतलेली बरी असते. कोणाला उद्देशून नाही."

"कोणाला उद्देशून नाही" याइतका नेमका पत्ता पोस्टानेही कधी लिहिला नसेल. काकूंनी तो संदेश तीनदा वाचला. त्यांचं स्वतःचं पोट अजून ठिकाणावर नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकडे रोज जाऊन काय करता नक्की?"

"जंतूंची ओळख पटवतो."

"मग पटवा. तुमचा अहवाल येईपर्यंत हे स्वयंपाकघर बंद. माझ्या हातचं खाऊन उद्या कोणाला काही व्हायला नको."

"अगं, मी कुठे काय म्हणालो?"

"तेच. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

त्या दिवसापासून काका टोस्टवर आले.

पुरावा मात्र उत्तम होता. कस्टर्ड आणि सॅलड दोन्हींचे उरलेले घास वहिनींनी बरण्यांत भरून, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून, वर तारीख, वेळ आणि सही घालून जपले होते. आजाऱ्यांचे नमुने त्यांच्या डॉक्टरांकडून रीतसर आले. आपल्याच घरचं प्रकरण आपणच तपासावं का, असं काकांनी मॅडमना विचारलं. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याशिवाय करणार कोण? दुसरी पोस्ट नऊ वर्षं रिकामी आहे."

काकांनी नमुने लावले. शेजारी नेहमीप्रमाणे "नियंत्रण चार" लावलं. नियंत्रण म्हणजे घरचा, पाळलेला साल्मोनेला. त्याची नळी फ्रिजमध्ये असायची, आणि नमुन्यांसोबत तोही वाढवायचा, म्हणजे जंतूंचं खाद्य नीट जमलंय की नाही ते कळतं. वाढला, की झालं. अकरा वर्षांपूर्वी मध्यवर्ती प्रयोगशाळेने तो पाठवला तेव्हा त्याचा सीरोवर सोबतच्या कागदावर लिहिलेला होता. कागद कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली आधीच्या मॅडमबरोबर निवृत्त झाली होती. काकांना त्यावाचून कधी अडलं नाही. घरच्या माणसाची ओळखपरेड कोणी घेत नाही.

पुढच्या गुरुवारी निकाल यायला लागले. सॅलडमध्ये साल्मोनेला सापडला. कस्टर्डमध्येही सापडला. आजाऱ्यांपैकी सात जणांत सापडला. सालीची खूण एकच, शेपट्यांचा रोजचा जोड एकच. ठेवणीतला जोड बाहेर काढायला सोमवार उजाडला. मग काकांनी जाडजूड तक्ता उघडला, तिन्ही खुणांवरून बोट फिरवत नेलं, आणि बोट जिथे थांबलं तिथे एका दूरच्या बंदराचं नाव होतं. कारण सीरोवरला बहुतेक वेळा तो जिथे पहिल्यांदा सापडला त्या गावाचं नाव देतात. गावाला कोणी विचारत नाही.

काकांनी देशातल्या आजवरच्या नोंदी चाळल्या. हा सीरोवर एकदाही सापडलेला नव्हता.

एकोणतीस वर्षांत काकांच्या पट्टीवर सगळे ओळखीचेच येत गेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मॅडमकडे गेले. मॅडमनी तक्ता पाहिला आणि लगेच कोरा कागद ओढला.

"देशात पहिलाच," त्या म्हणाल्या. "शोधनिबंध करू. लेखक दोघं. मी आधी."

घरी आल्यावर काकांनी बूट काढता काढताच सांगितलं. "दोन्हींत सापडला. एकच जंतू."

"म्हणजे तिच्या कस्टर्डचा माझ्या सॅलडला लागला," काकू म्हणाल्या.

पाच मिनिटांनी वहिनींचा फोन आला. त्यांचंही मत हेच होतं, फक्त उलट्या बाजूने. तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण काकांना राहवलं नाही. शोधाच्या भरात ते वहिनींना जंतूचं नाव सांगून बसले, आणि ते नाव एका बंदराचं आहे हेही.

वहिनींनी आवाज बदलला. तासाला उशिरा आलेल्या मुलाशी बोलताना वर्गात लागत असेल तसा.

"भाऊजी, तुमचे मेहुणे जहाजावर असतात ना?"

काकूंचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनियर होता. जेवणाच्या आठवडाभर आधीच तो सुट्टीवर आला होता, आणि त्याने बहिणीला मोहरीच्या तयार चटणीची एक परदेशी बाटली दिली होती. त्यातले चार चमचे सॅलडमध्ये गेले होते. चव विचारणाऱ्या प्रत्येकाला काकूंनी हे अभिमानाने सांगितलं होतं.

"वहिनी, तसं नसतं," काका म्हणाले. "तो तिथे पहिल्यांदा सापडला, तेही सत्तर वर्षांपूर्वी. आता तो कुठूनही येऊ शकतो. मेहुणा त्या बंदरात कधी गेलेलाही नाही."

"नाव आहे म्हणजे काहीतरी असणारच ना. उगाच कोण कशाला नाव देतं? तुम्हीच तर सांगता, नाव कळलं की सत्य कळतं."

काका हे खरोखरच सांगत. गेली एकोणतीस वर्षं.

मग ग्रुपवर संदेश आला: "परदेशातून आलेल्या बाटल्या तपासून घ्याव्यात. कोणाला उद्देशून नाही."

आतापर्यंत प्रश्न सॅलडचा होता. आता तो माहेराचा झाला. काकूंचा आवाज चढला नाही, आणि काकांना त्याचीच भीती वाटली. त्या स्वतःपुरतं काहीतरी उकडून घेत आणि ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. काकांनी मोहरीची बाटली नेऊन तपासली. बाटली निर्दोष निघाली. त्यांनी तसं वहिनींना कळवलं. वहिनी म्हणाल्या, "संपलेल्या भागात असेल."

 काकांनी तो जंतू नळीत भरून, तीन पानी पत्रासह, मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथले लोक अशा जंतूंची एकमेकांशी नाती लावतात, वंशावळ काढतात. हा जहाजाने आला नाही एवढं त्यांनी लिहून दिलं तरी काकूंची मान वर राहणार होती, आणि काकांना टोस्टपासून मुक्ती मिळणार होती.

दहा दिवसांनी फोन वाजला. पलीकडे तिथले डॉक्टर होते, आवाजाने तरुण.

"तुमचा नमुना पाहिला. नाव अगदी बरोबर लावलंत. दोन्ही जोड अचूक. हल्ली इतकं नीट काम कोणी करत नाही."

"अहो, सवय आहे," काका विनयाने म्हणाले.

"आता एक करा. तुमच्या फ्रिजमधला नियंत्रण चार काढा आणि त्यालाही तपासा."

"तो कशाला?"

"तो आम्हीच पाठवतो. मुद्दाम असा निवडतो की जो आपल्या देशात कुठेच सापडत नाही. म्हणजे कधी सापडलाच, तर लगेच कळावं."

"काय कळावं?"

"की तो तुमच्याकडून सांडलाय. कागदावर लिहिलंय की तसं. ठळक अक्षरात."

काकांनी फोन खाली ठेवला. नळी काढली, थेंब घेतला, सीरम घातलं, पट्टी डोलवली. वीस सेकंद लागली. काळ्या कागदावर थेंब नासलेल्या दुधासारखा दाणेदार झाला. दुसरं सीरम घेतलं, तोही झाला. ठेवणीतल्या जोडासाठी थांबायची गरज काकांना वाटली नाही. अकरा वर्षं ज्याला रोज खाऊपिऊ घातलं, त्याला त्यांनी आज पहिल्यांदा नाव विचारलं होतं.

पण हा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजमधून दादांच्या जेवणाच्या टेबलावर गेला कसा? काका खुर्चीत बसून विचार करू लागले आणि त्यांची नजर दाराजवळच्या निळ्या खोक्यावर गेली. नमुन्यांची ने-आण करायचं नवं खोकं. नवं आलं, कारण जुन्यात नियंत्रण चारची एक नळी फुटली होती. ते पुसून कोपऱ्यात टाकलं होतं. कोणी पुसलं, हे काकांना आठवत होतं. पुसणाऱ्याने त्या दिवशी घाईत फक्त कोरडा कपडा फिरवला होता, हेही आठवत होतं. आणि मग पाच तास वितळत्या बर्फाचं पाणी सैल झाकण्यांशी हिंदकळत होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, शोधनिबंधाचा मसुदा समोर ओढला आणि स्वतःचं नाव खोडलं. आता तो एकट्या काकांचा होता.

"उगम निश्चित होऊ शकला नाही, असंही लिहिता येतं," मॅडम म्हणाल्या. "दर दुसऱ्या अहवालात लिहितो आपण."

ते वाक्य काकांना घरापर्यंत पुरलं. छान वाक्य होतं. त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं, कोणाला काही लागत नव्हतं, आणि खोक्याचा विषय निघत नव्हता. हळूहळू वहिनी दुसऱ्या कोणाच्या मागे लागल्या असत्या. शनिवारी संध्याकाळी काका हातात टोस्ट घेऊन ते वाक्य मनात घोळवत होते, तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ परत जहाजावर गेलाय, त्याचा फोन आला होता. विचारत होता, मोहरी आवडली का सगळ्यांना. आणखी पाठवू का." त्यांनी टोस्टकडे पाहिलं. "काय सांगू त्याला?"

काकांनी टोस्ट खाली ठेवला.

"उद्या दादाकडे जाऊ," ते म्हणाले. "अहवाल आलाय."

दादांकडे भिंतीशी न भांडणारा फ्रिज आला होता. त्याच्या समोर वहिनी परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. काकू समोरच्या टोकाला, पर्स मांडीवर घेऊन. दादा खिडकीशी पेपर वाचत होते. काकांनी चष्मा चढवला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. त्यांनी पद्धत वाचली, सीरमचे क्रमांक वाचले, शेपट्यांचे दोन्ही जोड वाचले. कोणीही मध्ये बोललं नाही, आणि आयुष्यात प्रथमच काकांना त्याचं वाईट वाटलं. मग ते शेवटच्या परिच्छेदावर आले.

"सबब, सदर संसर्गाचा उगम कोणत्याही खाद्यपदार्थात नसून वाहतुकीच्या साधनात असल्याचे आढळून आले."

"मराठीत सांगा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"खोकं."

"कुठलं खोकं?"

"बर्फाचं. मी आणलेलं. आमच्याच जंतूची नळी फुटली होती त्यात. आधी कधीतरी."

नवा फ्रिज घरघरला आणि थांबला.

"म्हणजे माझ्या सॅलडमध्ये काही नव्हतं," काकू म्हणाल्या.

"नव्हतं."

"मोहरीत?"

"नव्हतं."

"आणि माझ्या कस्टर्डमध्ये?" वहिनींनी विचारलं.

"त्यातही नव्हतं. मी आणून घातलं."

दोन्ही जावांनी एकमेकींकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच. त्या नजरेत काय होतं ते ओळखायला काकांना कुठल्याही सीरमची गरज पडली नाही.

"लग्न झाल्यापासून मला सांगतायत," काकू वहिनींना म्हणाल्या, "हात कोपरापर्यंत धू, चाकू वेगळा ठेव, अंड्याला हात लावलेला नळाला लावू नको."

"मला पहिल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, ओट्यावरचं फडकं बदला म्हणून," वहिनी काकूंना म्हणाल्या. "माझ्या ओट्यावरचं."

"मी तीनदा धुतलं होतं ते खोकं," काका म्हणाले. "साबणाने."

"या जंतूला मारायला काय लागतं?" काकूंनी विचारलं.

"ब्लीच घालून अर्धा तास ठेवावं लागतं."

"मग साबण का?"

"ब्लीचचा वास राहिला असता," काका म्हणाले. "सॅलडला."

वहिनींनी उठून काकूंच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला. काकांच्या पुढ्यात ठेवला नाही. मग दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि मोहरीच्या आणखी बाटल्या मागवायच्या का, किती मागवायच्या, आणि त्या कोणत्या कपाटात ठेवायच्या, यावर बोलणं सुरू झालं. काकांना त्यात कोणी घेतलं नाही. ग्रुपवर काय लिहायचं हेही दोघींनी मिळून ठरवलं. या वेळी "कोणाला उद्देशून नाही" हे वाक्य गाळलं.

"ते खोकं आहे कुठे पण?" काकांनी हळूच विचारलं. "परत न्यायला हवं. निर्जंतुक करायचंय."

दादांनी पेपरची घडी घातली. सज्जात गेले. त्यांनी खोक्यावर ठेवलेली कुंडी उचलून बाजूला ठेवली, खोकं उचलून आत आणलं आणि काकांसमोर टेकवलं. मग वरचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ काढला. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती, कडा जरा उचकटलेल्या, पण मजकूर शाबूत. दादांनी खाली वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, तो मोठ्याने वाचला.

"‘फक्त नमुन्यांसाठी. यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.’"

मग त्यांनी पट्टीची उचकटलेली कडा अंगठ्याने दाबून बसवली.

"अक्षर चांगलं आहे," दादा म्हणाले.

अक्षर सीरमकाकांचं होतं.